कृष्णाकांठचीं दोन शहरें आणि त्यांची भाकरी

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाची पायाभरणी, घंटा, वेदी आणि होऊन गेलेले धर्मगुरू ह्यांचा वृत्तांत द्यावा अशी रीत आहे, व ती योग्यच आहे. परंतु रविवारीं देवळांत जमणारी मंडळी सोमवारीं सकाळीं कोठें जाते, हा प्रश्नही इतिहासाचाच आहे. कोणी शाळेंत शिकवावयास जातो, कोणी रुग्णालयांत, कोणी रेल्वेंत, कोणी कारखान्याच्या भोंग्यावर. आणि ज्या कामानें त्यास किंवा त्याच्या आजास ह्या मुलखांत आणलें, तें काम मुळांत येथें कां निघालें, हें त्यास बहुधा ठाऊक नसतें. म्हणून सातारा व सांगली ह्या दोन शेजारच्या शहरांत पोटाचा उद्योग कसकसा उत्पन्न झाला, कसा पालटला आणि कांहीं ठिकाणीं कसा नाहींसा झाला, ह्याचा थोडा मागोवा येथें घेण्याचें योजिलें आहे.

ह्या दोन शहरांत सुमारें सव्वाशें किलोमीटरांचें अंतर आहे. दोघांसही कृष्णामाईचाच आधार. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं, कृष्णा व वेण्णा ह्यांच्या बेचक्यांत. सांगली सपाट काळ्या मातीवर, हरिपूरच्या संगमाजवळ, जेथें वारणा कृष्णेस मिळते. सातारच्या पश्चिमेस सह्याद्रीचा धो धो पाऊस, तर सांगलीच्या पूर्वेस जत–आटपाडीकडे पावसाची वाट पाहून डोळे शिणावेत असा कोरडा माळ. कारभाराच्या दृष्टीनेंही हीं दोन भावंडेंच. तासगांव, खानापूर, वाळवें हे तालुके इंग्रजी अमलांत सातारा जिल्ह्यांतच होते. सांगली व मिरज मात्र पटवर्धनांचीं संस्थानें. ८ मार्च १९४८ रोजीं दक्षिणेंतील संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं, १९४९ च्या ऑगस्टांत सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले, आणि दक्षिण सातारा जिल्ह्यास १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. एका घरचे दोघे भाऊ वेगळे व्हावेत, त्यांतील एकानें नोकरी धरावी व दुसऱ्यानें दुकान घालावें, तसेंच पुढें झालें.

सातारचा पहिला धंदा म्हणजे राज्य. १७०८ सालीं शाहू महाराजांस येथें राज्याभिषेक झाला आणि डोंगराच्या कुशींतलें हें गांव मराठी दौलतीचें राजपीठ बनलें. जेथें राजपीठ तेथें कारकून, शिलेदार, पागे, मशालजी, सराफ, शिंपी, हलवाई. सत्ता पुण्यास पेशव्यांकडे गेली तरी वस्त्रें सातारहूनच मिळत, म्हणून शहराची चूल विझली नाहीं. १८१८ नंतर इंग्रजांनीं प्रतापसिंह महाराजांस गादीवर बसविलें. ह्या राजानें रस्ते, पाणी, शाळा ह्यांकडे लक्ष दिलें, व बांधकामावर पुष्कळ हात लागले. पण १८३९ त त्यांस पदच्युत करण्यांत आलें, आणि १८४८ त त्यांचे बंधु निवर्तल्यावर दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा झालें. इतिहासाच्या पुस्तकांत ह्या घटनेस डलहौसीच्या धोरणाचें एक उदाहरण म्हणून दोन ओळी मिळतात. सातारच्या पेठांत मात्र तिचा अर्थ निराळा होता: ज्यांच्या घरीं तीन पिढ्या दरबारचें वेतन येत होतें, त्यांच्या घरीं तें येईनासें झालें. तलवारीस गिऱ्हाईक नाहीं, जरीच्या शिंप्यास गिऱ्हाईक नाहीं, पालखी उचलणाऱ्या भोयास पालखी नाहीं.

त्या जागीं आली ती कलेक्टरची कचेरी, जिल्हा न्यायालय, छावणी आणि सरकारी शाळा. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाच्या नातवानें इंग्रजी शिकून कचेरींत उमेदवारी धरली. सातारा हें तेव्हांपासून नोकरदारांचें व पुढें पेन्शनरांचें शहर म्हणून ओळखलें जाऊं लागलें, तें आजवर. ह्या नांवांत थोडी थट्टा आहे, थोडा अभिमानही आहे. निवृत्त सुभेदार, निवृत्त शिक्षक, निवृत्त मामलेदार ह्यांच्या महिन्याच्या महिन्यास येणाऱ्या रकमेवर येथील किराणा, दूध आणि कंदी पेढे चालतात. आणि दुष्काळ पडो अगर पूर येवो, पेन्शन चुकत नाहीं. पण पेन्शनच्या पैशाचा कारखाना होत नाहीं, हें त्याचें दुसरें अंग.

सातारच्या डोंगरावरचा आणखी एक रोजगार येथें सांगितला पाहिजे, कारण त्यांत आपल्या लोकांचाही वांटा आहे. महाबळेश्वर हें थंड हवेचें ठिकाण म्हणून १८२८–२९ च्या सुमारास वसलें. तेथें १८३४ पासून १८६४ पर्यंत चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग होता. बटाटे व भाजीपाला लावण्याची आणि वेताच्या टोपल्या विणण्याची रीत ह्या परदेशी बंदिवानांकडून आसपासच्या लोकांनीं उचलली. शिक्षेस आलेल्या माणसानें गांवास धंदा शिकवून जावें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. पांचगणी १८६० नंतर उभी राहिली, आणि १८९५ त तेथें जोसेफचें कॉन्व्हेंट निघालें. पुढें त्या टेकडीवर निवासी शाळांची रांगच लागली. शाळा म्हटली कीं शिक्षक आठवतो. पण निवासी शाळेस आचारी लागतो, पाव भाजणारा लागतो, धोबी, आया, माळी, रखवालदार लागतो. पांचगणीच्या भोंवतालच्या खेड्यांत कित्येक घरें ह्या कामांवर उभीं राहिलीं.

आतां सांगलीकडे वळूं. सांगली हें फार जुनें शहर नव्हे. १८०१ सालीं चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले व त्यांनीं कृष्णेच्या कांठच्या ह्या लहान गांवीं आपली राजधानी केली. नवीन राजधानी वसवावयाची म्हणजे व्यापारी बोलावणें आलें. सातारचा उद्योग राजाभोंवतीं होता. सांगलीचा उद्योग राजानें बोलावलेल्या बाजाराभोंवतीं वाढला. हा भेद लहान दिसतो, परंतु माझ्या मतें दोन्ही शहरांचा पुढला सारा इतिहास त्यांत आहे. राजा गेल्यावर दरबार संपतो. बाजार तसा संपत नाहीं.

दरबारच्या आश्रयावर जगणाऱ्यांचें काय होतें, ह्याचा नमुना सांगलीनेंही दाखविला आहे. १८४३ सालीं विष्णुदास भावे ह्यांनीं आप्पासाहेबांच्या आज्ञेनें सीतास्वयंवराचें नाटक सादर केलें. मराठी रंगभूमीचा आरंभ म्हणून ही तारीख शाळकरी मुलेंही सांगतात. परंतु १८५१ त आप्पासाहेब वारले, आणि भाव्यांचा आश्रय तुटला. तेव्हां ते मंडळी घेऊन गांवोगांव फिरले, मुंबईस गेले, व १८५३ त तेथें तिकीट लावून खेळ केले. म्हणजे मराठी नाटक हा धंदा झाला तो हौसेपायीं नव्हे, नोकरी गेल्यामुळें झाला. नट, पडदे रंगविणारे, तबलजी, कपडेपटवाले, व्यवस्थापक अशा शेंकडों माणसांस पुढें जी भाकरी मिळाली तिचें मूळ त्या एका तुटलेल्या वर्षासनांत आहे. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आणि सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे त्याच परंपरेंतले.

मिरजेंत अशीच दुसरी हकीकत घडली. तेथील शिकलगार हत्यारांस धार लावीत व दुरुस्त करीत. लढाया संपल्या, हत्यारें खुंटीस लागलीं, तेव्हां एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांतील कांहीं घराण्यांनीं सतार व तंबोरे करण्यास हात घातला. फरीदसाहेब सतारमेकर ह्यांचें नांव ह्यांत प्रथम घेतलें जातें. पंढरपूरकडील मोठे भोपळे आणून, वाळवून, कापून, तारा चढवून केलेलीं हीं वाद्यें आज देशभरच्या गवयांच्या मांडीवर आहेत, आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तानपुऱ्यास भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. ज्या हातांनीं पातें घांसलें त्याच हातांनीं तार जुळविली. रोजगार बदलतो तेव्हां माणूस नवीन होत नाहीं. तो आपलें जुनें कसब घेऊन नव्या दारांत उभा राहतो.

मिरजेचें तिसरें अंग म्हणजे औषधोपचार. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर विल्यम वान्लेस १८८९ त हिंदुस्थानांत आले आणि १८९४ त त्यांचें मिरजेचें रुग्णालय सुरू झालें. त्यांनीं १८९७ पासून देशी तरुणांस वैद्यक शिकविण्यास आरंभ केला. त्या मिशनचा पंथ आपला नव्हे. परंतु परिचारिका, औषधें देणारे, प्रयोगशाळेंतले मदतनीस ह्या कामांत ख्रिस्ती मुलामुलींस पहिलें दार त्यानें उघडलें हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. १९६२ सालीं मिरजेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें, आणि आज त्या गांवीं दवाखाने, औषधांचीं दुकानें, तपासणीच्या प्रयोगशाळा, रोग्यांच्या नातलगांसाठीं खाणावळी ह्यांवर जगणाऱ्यांची गणती करणें कठीण.

हें सर्व आगगाडीवांचून झालें नसतें. सदर्न मराठा रेल्वेनें १८८० नंतरच्या दशकांत पुण्याहून दक्षिणेस लोहमार्ग नेला, आणि मिरज हें मोठें जंक्शन झालें. १८९१ त तेथून कोल्हापुरासही गाडी जाऊं लागली. सातारच्या दैवीं मात्र लोहमार्ग शहरापासून दूर राहिला. डोंगराच्या अडचणीनें तो पाडळी–कोरेगांवच्या बाजूनें गेला व पाडळीच्या स्टेशनास सातारा रोड असें नांव देऊन समाधान करण्यांत आलें. माल आणावयाचा तर टांगा, खटारा आणि घाट. शहराचें नांव एका स्टेशनाला आणि शहर दुसरीकडे, ही अवस्था ज्यानें सोसली आहे त्यास सातारचा व्यापार कां वाढला नाहीं हें समजाविण्याची गरज नाहीं. पुढें पुणें–बेंगळूर रस्ता मोठा झाला तेव्हां दैव फिरलें. तो सातारा व कराडवरून जातो आणि सांगली त्याच्या बाजूस राहते.

लोहमार्ग आला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत ह्या मुलखांत जो चमत्कार झाला, त्याकडे आतां येऊं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या तंत्रशाळेंतील शिक्षकाची नोकरी सोडून बेळगांवीं आले होते. तेथें सायकलींचें दुकान, मग कडबा कापण्याचीं यंत्रें, मग लोखंडी नांगर. बेळगांवची जागा सोडावी लागली तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकरांचा माळ आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. माळ म्हणजे निवडुंग आणि साप. १९१० सालीं तेथें वसाहत उभी राहूं लागली, तीच किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगरानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें आरंभीं नांगर खपेनात. ज्या शेतकऱ्यानें लांकडी नांगर टाकून लोखंडी घ्यावा, त्याच शेतकऱ्याच्या मुलास त्यांच्या ओतशाळेंत काम मिळावयाचें होतें. पण बापाचें मन वळेपर्यंत मुलाची जागा निघेना.

किर्लोस्करवाडींत कामगार भरले ते आसपासच्या खेड्यांतून. त्यांस आधीं कोणीं साचा पाहिला नव्हता, पट्टी पाहिली नव्हती. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांसही लक्ष्मणरावांनीं रखवालीचें काम दिलें. घरें, शाळा, पाणी, छापखाना सर्व एके ठिकाणीं. त्या छापखान्यांतून किर्लोस्कर, स्त्री व मनोहर हीं मासिकें निघत, म्हणून पंपांच्या गांवीं खिळे जुळविणारेही होते. १९४८ त गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ झाली तींत ह्या कारखान्यासही आग लावण्यांत आली. कोणाचा राग कोणावर निघाला, हा विषय दुःखाचा आहे. जळलें तें मात्र मजुरांचेंही काम होतें. कारखाना पुन्हा उभा राहिला व पंप करीत राहिला. परंतु एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. उद्योगाचा विस्तार झाला तो हरिहरास, बेंगळुरास व पुण्याजवळ खडकीस, १९४० नंतरच्या दशकांत. रोप येथें लागलें, फांद्या बाहेर गेल्या. मोठें बंदर, मोठी बाजारपेठ, मोठी वीज जेथें होती तेथें कारखानदार गेले, आणि येथील हुशार कारागीर त्यांच्या मागें गेले.

कराडजवळ ओगले बंधूंनीं १९१६ सालीं कांचेचा कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील मराठी मुलखांत घरोघर होता. त्याच्या उजेडांत परीक्षेचा अभ्यास करून किती मुलें मामलेदार झालीं, हें कोणीं मोजलें नाहीं. भट्टीपुढें उभें राहून नळीनें कांच फुंकणें हें छातीचें काम. पण खेड्यांत वीज आली आणि कंदील फळीवर गेला. कारखाना बंद पडला. स्टेशनाच्या वस्तीस ओगलेवाडी हें नांव राहिलें.

तिसरा कारखाना सातारा रोडचा. सर धनजीशाह कूपर हे सातारचे पारशी गृहस्थ. १९३७ सालीं कांहीं महिने ते मुंबई प्रांताचे मुख्य प्रधानही होते. त्यांनीं १९२२ च्या सुमारास नांगरांचा व पुढें इंजिनांचा कारखाना चालविला, जो १९४० त वालचंद हिराचंदांच्या समूहाकडे गेला. ह्या तीन कारखान्यांस जोडणारा एक माणूस होता, आणि तो कारखानदार नव्हता. भाऊराव पाटील हे ओगल्यांची कांच व किर्लोस्करांचा नांगर घेऊन गांवोगांव विक्रीस फिरत, व कूपरांच्या कारखान्याच्या उभारणींतही त्यांचा हात होता. फिरतांना त्यांनीं पाहिलें कीं ज्याच्या दारीं नांगर विकावयाचा त्यास पावती वाचतां येत नाहीं. १९१९ सालीं कराड तालुक्यांतील काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ त ती सातारीं आणली. ‘कमवा व शिका’ हें तिचें सूत्र. विद्यार्थी शेतांत राबत, दगड फोडीत, आणि शिकत. संस्था वाढत वाढत राज्यांतील फार मोठ्या शिक्षणसंस्थांपैकीं एक झाली. विक्रीच्या फेरींतून निघालेल्या ह्या शाळेनें शिक्षक, लेखनिक, प्राध्यापक म्हणून जेवढ्यांस सातारा जिल्ह्यांत काम दिलें, तेवढ्यांस एखाद्या ओतशाळेनें दिलें असतें असें वाटत नाहीं. मुलें शिकलीं, आणि शिकलेलीं मुलें बाहेर गेलीं, हेंही तितकेंच खरें.

बाहेर जाण्याची संवय मात्र त्याआधींची. १८७६–७८ च्या दुष्काळानें माण, खटाव, आटपाडीकडचीं गांवें ओस पाडलीं, आणि मुंबईच्या गिरण्यांस जे हात लागत होते ते कोंकणाप्रमाणें घाटावरूनही निघाले. पलटणींतही तसेंच. सातारजवळच्या अपशिंगे गांवचे ४६ जवान पहिल्या महायुद्धांत पडले. त्या गांवास आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात. मुंबईच्या गोद्यांत, मसाल्याच्या व धान्याच्या बाजारांत ओझीं वाहणारे माथाडी पाटण–जावळीकडून गेलेले. त्यांस ना हजेरी होती, ना रजा, ना दुखापतीची भरपाई. मुकादम देईल तो पैसा. पाटण तालुक्यांतील मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील ह्यांनीं त्यांची संघटना बांधली आणि १९६९ सालीं महाराष्ट्रानें माथाडी कायदा केला. पाठीवर पोतें घेणाऱ्या माणसास त्रिपक्षीय मंडळाकडून मजुरी, निर्वाह निधि व उपदान मिळावें, अशी व्यवस्था त्या कायद्यानें झाली. सातारच्या डोंगरांतील कित्येक कौलारू घरांवर सिमेंटचें छप्पर चढलें तें ह्या पैशानें. उलट गिरण्यांचें झालें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेला संप मिटला असें कोणीं जाहीर केलेंच नाहीं, आणि गिरणगांवांतली माणसें बिछाने बांधून गांवीं परतलीं.

ह्या स्थलांतराचा पुरावा पाहावयाचा तर जनगणनेंत पाहावा. इतर बहुतेक जिल्ह्यांत बायका पुरुषांहून कमी. सातारा जिल्ह्यांत १९९१ च्या जनगणनेपर्यंत हजार पुरुषांमागें हजाराहून अधिक बायका. ह्यांत कोणाचें पुण्य नाहीं. पुरुष मुंबईस व पलटणींत होते, एवढाच त्याचा अर्थ. शेत बाईनें कसलें, म्हातारे तिनें सांभाळले, आणि टपालवाला आला कीं मनीऑर्डरीवर अंगठा तिनेंच उठविला. रोजगाराच्या इतिहासांत तिच्या कामास रकाना नाहीं.

सांगलीकडचें स्थलांतर निराळ्या जातीचें. खानापूर, आटपाडी, तासगांव ह्या कोरड्या भागांतील लोक सोनेंचांदी गाळण्याच्या धंद्यांत पडले. ह्यांस गलाईवाले म्हणतात. सराफाचें जुनें, हिणकस सोनें घ्यावयाचें, मुशींत वितळवावयाचें, तेजाबानें हीण काढावयाचें, आणि शुद्ध करून परत द्यावयाचें. एक गेला, त्यानें भावास नेलें, भावानें मेव्हण्यास. असें करतां करतां केरळपासून पंजाबपर्यंत आणि बंगालपर्यंत सराफकट्ट्याच्या मागल्या गल्लींत विटेकडचा माणूस भट्टीशीं बसलेला सांपडूं लागला. कोचीनच्या बाजारांत मराठी ऐकूं आली तर ती बहुधा ह्यांची. तेजाबाच्या वाफेनें छाती जाते, दरोड्याची भीति असते, आणि भाषा परकी. तरी दिवाळीस व गांवच्या जत्रेस ते येतात, माडीचें घर बांधतात, देवळास देणगी देतात. विट्याकडील माळावर पाऊस नाहीं व घरें मात्र भव्य, ह्याचें कोडें ह्यांत सुटतें.

जे कोठेंच जाऊं शकले नाहींत, त्यांचें काय? ह्या प्रश्नाचें एक उत्तर ह्याच मुलखानें दिलें, आणि तें साऱ्या देशानें पुढें घेतलें. विठ्ठल सखाराम पागे हे १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापति होते. तासगांव तालुक्यांतील विसापूर भागांत १९६५ च्या सुमारास त्यांच्या आग्रहावरून एक प्रयोग झाला: जो अंगमेहनतीचें काम मागेल त्यास सरकारनें तें दिलेंच पाहिजे. भीक नव्हे, शिधा नव्हे, काम. विहीर, बांध, रस्ता, पाझर तलाव ह्यांपैकीं जें गांवास उपयोगी तें. आजवरच्या दुष्काळी कामांत सरकार दया म्हणून काम काढी. पागे म्हणाले कीं हा हक्क आहे. हा फरक शब्दांचा नव्हे. दयेच्या कामावर माणूस अर्ज घेऊन मामलेदाराच्या ओसरीवर बसतो. हक्काच्या कामावर मामलेदारास उत्तर द्यावें लागतें.

मग १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा, पाठीशीं बांधलेलें मूल, दुपारीं वांटली जाणारी सुकडी, हें ज्यांनीं पाहिलें ते अद्याप विसरलेले नाहींत. १९७३ च्या मे महिन्यांत राज्यभर सुमारें ५० लाख माणसें अशा कामांवर होतीं. विसापूरची कल्पना आतां साऱ्या राज्यास लागू झाली. १९७७ त रोजगार हमीचा कायदा संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास भत्ता, आणि स्त्रीपुरुषांस एकच दर. २००५ सालीं संसदेनें देशासाठीं जो कायदा केला त्याचा नमुना हाच.

ह्यासाठीं पैसा कोठून आला, हें आपल्या शहरी वाचकांनीं जाणून घ्यावें. १९७५ त राज्यानें व्यवसाय कर बसविला. पगारपत्रकांत महिन्यास २०० रुपये आणि फेब्रुवारींत ३०० रुपये कापलेले दिसतात, व कापून घेणारा कुरकुरतो. त्याचा उगम आटपाडीच्या माळावरच्या खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरींत आहे. शहरांतील नोकरदारानें खेड्यांतील बेकाराच्या कामाचा भार उचलावा, ही योजना लिओ तेराव्यांच्या १८९१ च्या मजुरांविषयींच्या परिपत्रकास शोभेल अशी आहे. पण ती निघाली एका तालुक्याच्या गांवीं, आणि ती काढणारा माणूस वारकरी वळणाचा होता. अर्थात् सर्व कांहीं गोड झालें नाहीं. हजेरीपटावर खोटीं नांवें, मापांत मारलेली मजुरी, महिनोन्महिने अडकलेले पैसे ह्या तक्रारी त्या कामांवर सदैव राहिल्या.

स्वातंत्र्यानंतर सांगलीस वसंतदादा पाटलांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, साताऱ्याकडे कृष्णा व सह्याद्रि हे कारखाने निघाले. फलटणजवळ साखरवाडीचा खाजगी कारखाना त्याआधींचा, १९३३ चा. ऊसतोड मात्र बीडकडच्या टोळ्या करतात. म्हणजे खानापूरचा माणूस कोचीनला, आणि बीडचा माणूस वाळव्यास! तासगांवीं द्राक्षें आलीं, बेदाणा आला, छाटणी व मणी विरळणी ह्यांवर हजारों बायकांस हंगामी काम मिळालें. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ त निर्देशांकही मिळाला. साताऱ्यास १९७५ सालीं सरकारी महामंडळ व बजाज ह्यांच्या भागीदारींत स्कूटरचा कारखाना निघाला. प्रिया स्कूटर ज्यांनीं मिळविली त्यांस ती किती वर्षें वाट पाहून मिळाली हें आठवत असेल. त्या कारखान्यांत चिकटणें म्हणजे सरकारी नोकरीच्या खालोखाल. मोटारसायकलींनीं स्कूटर मागें टाकली आणि २००६ त तेथील स्कूटर थांबली. आतां साताऱ्याचा मुलगा शिकतो साताऱ्यांत आणि कामास जातो चिंचवड–चाकणला. शनिवारीं रात्रीं येतो, रविवारीं रात्रीं जातो. २०११ च्या जनगणनेंत सातारा नगरपालिकेची वस्ती सुमारें १ लाख २० हजार, आणि सांगली–मिरज–कुपवाड महापालिकेची पांच लाखांच्या वर.

सांगलीचा हा जो वाढावा आहे त्याचें मूळ बाजारांत आहे असें आरंभीं म्हटलें. तो बाजार हळदीचा. सांगलीच्या पेठेंत केवळ आसपासची नव्हे, तेलंगणातील निजामाबादची व तामिळनाडूंतील इरोडची हळदही येते. येथील भाव पाहून इतरत्र भाव ठरतात. अडत्ये, तोलाईदार, हमाल, पॉलिशचे कारखाने, निवडणाऱ्या बायका. सायंकाळीं बाजारांतून घरीं जाणारे लोक पिवळ्या पायांनीं जातात. ह्या व्यापाराचें गुपित हरिपूरच्या मातींत होतें. तेथील चिवट मातींत खोल पेवें खणून, तळाशीं व कडेनें पाचट व चटया घालून, हळद भरून तोंड मातीनें लिंपीत. आंत वारा नाहीं, कीड नाहीं. हळद वर्षानुवर्षें जशीच्या तशी. व्यापाऱ्यास भाव येईपर्यंत थांबतां येई आणि त्याच्या पेवांतल्या मालावर बँका कर्ज देत. पेव भरणारे व काढणारे लोक निराळे; उघडल्यावर आंतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत थांबावें लागतें, मगच माणूस खालीं उतरतो. बाप मुलास हें शिकवी.

२००५ च्या जुलै–ऑगस्टांत कृष्णा व वारणा एकदम चढल्या. हरिपुरांत पाणी शिरलें, पेवांत पाणी उतरलें, आणि साठविलेली हळद कुजली. त्यानंतर व्यापाऱ्यांनीं माल गोदामांत व शीतगृहांत ठेवण्यास आरंभ केला. पेवें बहुतेक बुजलीं. सांगलीच्या हळदीस २०१८ सालीं निर्देशांक मिळाला तेव्हां पेव भरणारीं माणसें शीतगृहाच्या फाटकाशीं गाडी उतरविण्यास उभीं होतीं.